दुसरी नळी

रायफलीची पेटी उघडून वालेंटिन स्क्रू तपासायला बसला, तर रिकाम्या खाचेत एक नळी निजली होती.

रायफल त्याच्या बायकोची, नोटबुर्गाची, म्हणजे सगळ्यांच्या बुर्गीची; घडवलेली त्यानंच. पुढच्या लाकडाखालचे दोन स्क्रू सैल केले की नळी हातात येते. दुसऱ्या मापाची नळी बसवावी, काडतूस मागून पकडणारं बोल्टचं डोकं बदलावं, की तीच रायफल दुसरी गोळी झाडते. गिऱ्हाइकं एका सांगाड्यावर तीन-तीन नळ्या करून घेत. बुर्गीला मात्र त्यानं लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी एकच दिली होती, जड गोळीची. चांगल्या बाईला दुसरी लागत नाही, असं तेव्हा पाहुण्यांसमोर म्हणून हशाही मिळवला होता.

त्यानं नवी नळी फडक्यातून काढली आणि उलटी केली. सरकारी परीक्षेच्या ठशाशेजारी कारागिराची खूण होती, एवढीशी घंटा.

म्हणजे प्रिमुस.

प्रिमुसचा कारखाना ओढ्यापलीकडे. माणूस विधुर, उंच, आणि चर्चच्या गायनमंडळात त्याचा खर्ज असा की खाली फरशीला कंप सुटावा. बुर्गी त्याच मंडळात गाते. वालेंटिनचा गळा म्हणजे लोखंडावर कानस. तरुणपणी बुर्गीसाठी दोघंही झुरले होते आणि ती वालेंटिनला मिळाली, हे गावात सगळ्यांना ठाऊक. जिंकलेला माणूस विसरत नाही, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

नळी हातात धरून तो बसून राहिला. ही बसवायची तर प्रिमुसनं रायफल मागितली असणार. म्हणजे बुर्गी ती खांद्याला लावून पूल ओलांडून गेली. त्याच्या बाकावर ठेवली. त्यानं तिचे स्क्रू सोडले, आतला खोबणीचा भाग बोटानं चाचपला. माझ्या हातचं काम, वालेंटिनच्या मनात आलं. आणि ती शेजारी उभी राहून काय करत होती? हसत होती?

बुर्गीला विचारणं सोपं होतं, म्हणून ते त्यानं केलं नाही. तो प्रिमुसकडे गेला. प्रिमुस एका रायफलीच्या दस्त्याला तेल लावत होता. त्यानं बसायला स्टूल पुढे केलं, वालेंटिन बसला नाही. तिनं मागितली, मी केली, एवढंच प्रिमुस म्हणाला. मग फडकं खाली ठेवून जरा हळू बोलला, "तुझ्याकडे का नाही मागितली, ते घरी विचार ना. मला काय विचारतोस?"

हे वाक्य वालेंटिनच्या पोटात काट्यासारखं राहिलं.

काटा रुतायला कारणही होतं. आमच्या खोऱ्यात शिकार झाली की शिकारप्रमुख शिकाऱ्याला टोपीवर ठेवून हिरवी डहाळी देतो. शिकारी ती मोडतो. अर्धी आपल्या टोपीत खोवतो आणि अर्धी देतो नळी घडवणाऱ्याला. सांगाडा कुणाचा, दस्ता कुणाचा, हे कुणी विचारत नाही. नळी ज्याची, अर्धी डहाळी त्याची. शिकाऱ्यांच्या संत हुबेर्टुसच्या पूजेला सगळे कारागीर ती टोपीत मिरवत येतात. वालेंटिनच्या टोपीत आजवर अनेकांच्या डहाळ्या आल्या, पण त्याची छाती फुगायची ती बुर्गीच्या डहाळीनं. यंदा ती ओढ्यापलीकडे जाणार होती. सगळ्या गावादेखत.

त्या रविवारी फादर युरींनी येशूला वाढवणाऱ्या सुतार योसेफाची कथा लावली. आमचे फादर डोंगराच्या पलीकडल्या अंगाचे. चार वाक्यं बोलतात आणि पाचवं गातात, आणि गाऊ लागले की पोरंसुद्धा चुळबुळ थांबवतात. ज्या बाईशी लग्न ठरलं तिच्या पोटी मूल आहे आणि ते आपलं नाही, हे योसेफाला कळतं, त्या रात्रीचं वर्णन त्यांनी असं केलं की बाकावरचे म्हातारेही कावरेबावरे झाले. मग हात जोडून सूर लावला: योसेफा, दार लावू नकोस रे, आलंय ते तुझं नसेल, पण आलंय तुझ्याच उंबऱ्याशी.

मागच्या बाकावर माझ्या डोळ्यांना धार लागली होती. वालेंटिनच्या नाही. तो वर गायनमंडळाच्या सज्जाकडे बघत होता. फादरांमागून मंडळानं ती ओळ उचलली, तेव्हा बुर्गी आणि प्रिमुस एकाच वहीत बघून गात होते.

घरी आल्यावर त्यानं पेटी उघडली, नव्या नळीबरोबर आलेलं बोल्टचं डोकं उचललं आणि बंडीच्या खिशात टाकलं. अंगठ्याच्या पेराएवढं लोखंड. ते नसेल तर त्या नळीचा लोखंडी दांडा होतो. नळी लपवली असती तर चोरी झाली असती. हे म्हणजे काय, असं त्यानं मनाशी ठरवलं, नुसती खोडी.

शिकारीच्या दिवशी डोंगर चढण्याआधी प्रत्येकानं गावाबाहेरच्या चांदमारीवर एक गोळी झाडून रायफल दाखवायची, असा नियम. बुर्गीनं पेटी बाकावर ठेवली. नवी नळी काढली, पिशवी धुंडाळली, पेटीतलं मखमल उचकलं, परत पिशवी. वालेंटिन दुर्बिणीतून निशाणाच्या कागदाकडे बघत राहिला. कागदावर अजून काहीच नव्हतं.

काय हरवलं, असं त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. नवी नळी तिनं फडक्यात गुंडाळली, जुनी बसवली आणि नेम धरायला गवतावर आडवी झाली.

वालेंटिनला आनंद झाला. तो झाला नाही असं खोटं सांगण्यात अर्थ नाही. माझी नळी, असं मनाशी म्हणत त्यानं दुर्बीण सोडून प्रेमानं तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणून त्याला दिसलं. गोळी सुटायच्या आधीच तिनं डोळे घट्ट मिटले होते. सगळं अंग लहान मूल सुईला घाबरून आखडतं तसं आखडलं होतं. धडाक्यानंतर तिचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला आणि पट्टा सारखा केल्याचं नाटक करून खाली आला. हे पट्टा सारखा करणं त्यानं आजवर किती वेळा पाहिलं होतं. त्याला वाटायचं, बाईची टापटीप.

गोळी कागदाच्या कडेला लागली होती.

तो उठला, तिच्याजवळ गेला आणि खिशातलं लोखंड काढून तिच्या हातमोज्यावर ठेवलं.

ती त्याकडे बघत राहिली. "कुठं होतं?"

"खिशात."

"कुणाच्या?"

"माझ्या."

बुर्गी उठून बसली. गवताची काडी बाहीवरून झटकली. शेजारच्या बाकावरचे दोघं एकदम आपापल्या काडतुसांत गुंतले.

"खांदा कधीपासून दुखतोय?" त्यानं विचारलं.

"पहिल्या गोळीपासून."

"मग बोलायचं नाही?"

"कशी बोलू? गुत्त्यात बसून सगळ्यांना सांगत होतास, माझी नळी लाथ मारत नाही, पाठीवर थाप मारते. आता डॉक्टर म्हणतो, हलकी गोळी वापर नाहीतर शिकार सोड. मला सोडायची नाही, वाल्टी."

"मी करून दिली असती हलकी."

"दिली असतीस की. आणि नाताळपर्यंत माझ्याशी बोलला नसतास."

त्यानं किल्ली घेतली आणि स्वतःच्या हातानं स्क्रू सोडले. आपली नळी काढून गवतावर ठेवली. बोल्टचं डोकं बदललं. प्रिमुसची नळी खोबणीत टेकवली तेव्हा मनात एक आशा होती, की ती केसभर तरी डगडगेल. ती मांजर मांडीत बसावं तशी बसली.

बुर्गीनं दुसरी गोळी झाडली. डोळे उघडे होते. कागदाकडे बघायची वालेंटिनला गरज वाटली नाही, तरी तो बघून आला.

दुपार कलताना मंडळी खाली आली. बुर्गीनं पहाडी बकरा टिपला होता, एका गोळीत. गुत्त्यासमोर शिकारप्रमुखानं तिला टोपीवर ठेवून डहाळी दिली. अंगणात सगळे होते, प्रिमुसही. गुत्त्याची मालकीण मारिडल दारात हात पुसत उभी होती. ती वालेंटिनच्या कानाशी म्हणाली, की तुमच्या घरी आता दोन कारागीर झाले म्हणायचं.

बुर्गीनं डहाळी मोडली. क्षणभर ती वालेंटिनकडे बघत थांबली. तिकडे नको, इकडे दे, अशी त्यानं मान हलवली असती, तर तिनं रीत मोडली असती; लोक महिनाभर बोलले असते आणि मग विसरले असते. त्यानं प्रिमुसच्या दिशेनं हनुवटी उचलली. ती गेली आणि अर्धी डहाळी तिनं प्रिमुसच्या हातात दिली.

अशा वेळी बाकीच्या कारागिरांनी टोपी काढून अभिनंदन करायचं असतं. दरवर्षी बुर्गीची डहाळी वालेंटिनला मिळायची तेव्हा प्रिमुस ते करायचा, सगळ्यांच्या आधी, खर्जातल्या स्वरात. त्याला कसं वाटत असेल, हे वालेंटिनच्या मनात आज पहिल्यांदा आलं. त्यानं टोपी काढली. आवाज कानशीसारखाच निघाला, पण निघाला.

घरी बुर्गीनं चुलीवर पाणी ठेवलं आणि पुदिना-चीज भरलेल्या करंज्या उकळायला सोडल्या. हात वर नेताना ती कण्हली नाही, हे त्यानं ऐकलं. शिकारीनंतर तिची नळी साफ करण्याचं काम त्याचं. आज ते कुणी सांगितलं नाही, कुणी नकोही म्हटलं नाही. खिडकीशी स्टूल ओढून तो बसला. नळीतून आधी ओलं फडकं काढलं, मग कोरडं, मग तेलाचं.

"कशी आहे?" तिनं पाठमोरी राहूनच विचारलं.

त्यानं नळी डोळ्याला लावून खिडकीकडे धरली. सूर्य डोंगराआड जात होता. गोळीला फिरकी देणारे आतले आटे एकामागून एक गोल वळत प्रकाशापर्यंत गेले होते. तो नळी सावकाश फिरवत राहिला, कुठेतरी एखादा डाग सापडेल म्हणून.

"चांगली आहे," तो म्हणाला, आणि आणखी एकदा फिरवली.