काळी पाचचा कपॅसिटर

अनिरुद्धरावांना एक खोड होती. स्वतः बनवलेल्या यंत्रातल्या सुट्या भागांवरचे आकडे ते ब्लेडनं खरवडून टाकायचे. का, तर कुणी नक्कल करू नये म्हणून! जशी काही शनिवार पेठेत नक्कल करणाऱ्यांची रांगच लागली होती. गेल्या वर्षी ते गेले, आणि परवा त्यांनी पत्नी सरोजिनीबाईंसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुराही मुका झाला. आली का पंचाईत!

रविवारी लेक कादंबरी हिंजवडीहून आली. तानपुऱ्याची पेटी उघडून बघते, तर सूर ठरवणारा कपॅसिटर फुगून फुटलेला, आणि त्याच्यावर अर्थातच काही लिहिलेलं नाही.

“आई, फोनवर तानपुरा मिळतो गं. फुकट.”

“उद्या फुकट मिळाली, तर आईही आणशील.”

कादंबरीनं माळ्यावरचा डबा काढला. बाबांनी जुन्या रेडिओंतून उपसून ठेवलेले भाग त्यात होते. तेही खरवडलेले! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. तिनं मीटर लावून मेलेले कपॅसिटर बाजूला टाकले. पण उरलेल्यांतला नेमका कोणता हवा, हे मीटरला काय कप्पाळ कळणार? मूळचं माप फक्त बाबांना ठाऊक होतं. सूर फिरवायला बटणसुद्धा नव्हतं. “तुझी पट्टी एकच, काळी पाच. बटण कशाला?” असं म्हणून त्यांनी ते बसवलंच नव्हतं.

“तू एकेक लाव. मी ऐकते,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

कादंबरी चिमट्यांनी एकेक जोडून बघू लागली. पहिला डासासारखा गुणगुणला. दुसरा इतका खाली गेला की दोघींना हसू फुटलं. पुढच्याला काळी पाचपेक्षा खालची काळी तीन लागली. सरोजिनीबाईंनी सहज सूर मिसळला आणि गळा अलगद फिरला. नवऱ्याच्या आजारपणापासून त्या गायल्याच नव्हत्या.

“आई, काय सुंदर! हाच ठेवूया.”

“हा ह्यांचा नाही. काढ तो.”

चहा निवून गेला. डब्याचा तळ दिसायला लागला. मग एक कपॅसिटर जोडला, आणि बाईंचा हात छातीवर गेला. हाच! ते समोर खुर्चीत डोळे मिटून बसलेत आणि आता म्हणणार, “हं, लाव षड्ज.”

त्यांनी लावला. पंचमापर्यंत कसाबसा आवाज गेला, आणि वरच्या षड्जाला फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. वय कुणाला चुकलंय?

“आई, तो मघाचाच बसवते,” कादंबरी हळूच म्हणाली. “तुला गाता येईल.”

सरोजिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले. पेटी जवळ ओढून घेतली.

“हाच पक्का कर. मला गायचं नाही गं. त्यांच्याजवळ बसायचंय.”