काचेखालची पन्हळ

गाडीत कुबट वास येतोय हे श्रीहरी दिघ्यांच्या नाकाला कळलं. दुसरा कुणी असता तर आरशाला लिंबाच्या वासाचं पुडकं टांगून मोकळा झाला असता. पण या गाडीत सरलाताई बसायच्या, आणि सरलाताईंच्या पोटात श्रीहरींची किडनी होती.

हो, स्वतःची काढून दिली होती. बिजली विभागात नकाशे काढण्यात उभी नोकरी गेलेला माणूस, इंजेक्शनची सुई दिसली की तोंड फिरवणारा. पण बायकोच्या जिवावर बेतलं तेव्हा बाही वर करून डॉक्टरांपुढे उभा राहिला. किडनी तिच्या अंगाला मानवलीही. फक्त ती टिकवायची तर शरीराची लढायची ताकदच गोळ्यांनी दाबून ठेवावी लागते, आणि तिथेच सगळी मेख होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "सरलाजींना बुरशीपासून जपा. सीलन, म्हणजे ओल, कुजका पाला, कुंडीतली माती, शिळी फुलं, काही जवळ नको. तुम्हाला-मला फार तर शिंक येईल. त्यांच्या छातीत बुरशी घर करील."

झालं! त्या दिवसापासून श्रीहरी घरातले हवालदार झाले. तुळस उचलून शेजारच्या मनीषकडे दिली. बाल्कनीतल्या कुंड्या गेल्या. न्हाणीघराची भिंत खरवडून पुन्हा रंगवली. देवघरातली फुलंसुद्धा बंद केली, आणि तिथे मात्र सरलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, माझ्यापायी देव बोडका राहिला हो घरातला."

त्यावर तोडगा श्रीहरींनीच काढला आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. दर बुधवारी ते एकटेच खजरान्याच्या गणपतीला जायचे, कारण ती गर्दी सरलाताईंना चालत नव्हती. देवाच्या पायांवरचा झेंडू नि दुर्वांची जुडी घेऊन यायचे, आणि घरात न आणता गाडीच्या समोरच्या काचेखाली वायपरपाशी वाहायचे. तेही डावीकडे, सरलाताई बसायच्या त्या बाजूला. दवाखान्याला निघताना त्या आत बसून काचेतूनच हात जोडायच्या. फूल बाहेर, माणूस आत. वाहिलेलं फूल हातानं काढून टाकायचं नाही, ते आपलं आपण जाईल, असा सरलाताईंचा नेम होता. ते जायचंही. दोन-चार दिवसांत तिथे काही उरायचं नाही. वाऱ्यानं गेलं, असं दोघंही म्हणायची.

तर, वास आला. श्रीहरींनी डाव्या सीटपुढचं रबरी पायपुसणं उचललं, खालच्या कार्पेटवर तळहात दाबला, तर बोटांमधून पाणी वर आलं. रात्री पाऊस झाला होता आणि गाडीच्या काचा बंद होत्या.

मग काय विचारता, सगळी गल्ली इंजिनियर झाली. मनीषनं दाराला कान लावल्यासारखं करून निकाल दिला, "भिया, ये तो बीडिंग गई. बदलवा लो, टेंशन खतम." बीडिंग म्हणजे दाराभोवतीचं रबर. ते बदललं. पुढचा पाऊस आला, कार्पेट पुन्हा ओलं. मग गॅरेजवाला म्हणाला, पाणी काचेच्या कडेनं येतंय. त्यानं काचेभोवती फटी बुजवायचा काळा मसाला भरला आणि म्हणाला, "अब समंदर में उतार दो साहब." श्रीहरींनी कार्पेट सोडवून गच्चीवर नेलं, गुडघ्यांवर बसून साबणानं घासलं, पाऊस उघडेल तेव्हा उन्हात टाकलं, आभाळ भरलं की पळत जाऊन उचललं. एका किडनीवर चालणारा सत्तरीला टेकलेला माणूस धापा टाकत होता, आणि सरलाताई जिन्याच्या दारातून बघत होत्या. गच्चीवर यायची त्यांना बंदी होती.

कार्पेट वाळलं. वास बराच गेला. तपासणीचा दिवस आला, आणि ही दोघं बंगाली चौकात पोचतात न पोचतात तो धो धो पाऊस. श्रीहरींनी पंखा मोठा केला. बाहेरची हवा आत घेणारं बटण ते नेहमीच चालू ठेवायचे. कोंदट हवा वाईट, सरलाला ताजी हवा मिळाली पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"पाणी येतंय का गं?"

"छे हो, एकदम कोरडं."

श्रीहरी चक्क शीळ घालायला लागले.

सरलाताई खोटं बोलल्या होत्या. हे श्रीहरींना कळलं ते फार उशिरा, बायकोला खोकला सुरू होऊन, ताप चढून, आयसीयूत नेल्यावर. न्हाणीघरात बादलीमागे एका पिशवीत त्यांचे मोजे पिळून ठेवलेले सापडले. त्या दिवशी सबंध रस्ताभर बाई पाण्यात पाय ठेवून बसली होती. नवरा गुडघे मोडून कार्पेट घासताना तिनं पाहिला होता. त्याला पुन्हा गच्चीवर चढवायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच. किती वेडी माया असावी माणसाला! श्रीहरी ते मोजे हातात घेऊन न्हाणीघरात रडले.

फुफ्फुसात बुरशीच निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठं ओल आहे?" श्रीहरी म्हणाले, "घरात नाही, गाडीत आहे."

मुलगी शमिका महूला शाळेत शिकवते. ती रजा टाकून आली. पेशंटला भेटायची वेळ संध्याकाळची, तोवर बापलेकींनी दवाखान्याबाहेर नुसतं बसून काय करायचं? बुधवारी सकाळी श्रीहरी म्हणाले, "शमू, ती घरी येईल ती याच गाडीतून येईल. त्याआधी ही गळती मला सापडलीच पाहिजे. चल."

शमिका मोबाइलचा टॉर्च लावून डावीकडे डॅशबोर्डखाली आडवी शिरली. श्रीहरींनी बागेची नळी आणली. आधी दारावर पाणी सोडलं.

"काही नाही, बाबा."

मग टपावर. मग काचेच्या वरच्या कडेला, मग बाजूंना. घाई केली नाही. प्रत्येक ठिकाणी नळी धरून थांबले.

"काही नाही. एकदम सूखा आहे."

शेवटी काचेच्या तळाशी, वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्यावर धार सोडली. मग शमिका ओरडली, "बाबा, बंद करा! पंख्याच्या डब्यातून येतंय! धार लागलीय!"

दारातून नाही, काचेतूनही नाही. जिथून हवा आत यायची, तिथूनच पाणी येत होतं. श्रीहरींचा नकाशे काढणारा डोळा आता जागा झाला. जाळीखाली पाणी वाहून न्यायला पन्हळ असणार, पन्हळीला टोकाशी भोक असणार, आणि ते भोक बुजलेलं असणार. एवढी साधी गोष्ट! "काय आमची अक्कल बघ," असं म्हणत त्यांनी पाना आणला. वायपर काढले, जाळीच्या खिट्ट्या सोडवल्या आणि जाळी उचलली.

वास असा भपकन आला की शमिका मागे सरली.

पन्हळ डावीकडे काठोकाठ भरली होती. काळा, बुळबुळीत लगदा. श्रीहरींनी त्यात हात घातला. आधी त्यांना वाटलं, झाडाचा पाला. पण गाडी उभी असायची तिथे झाडच नव्हतं. त्यांनी मूठभर लगदा बाहेर काढून बोनेटवर ठेवला, बोटानं पसरला. आत अजून पिवळेपणा शिल्लक असलेल्या पाकळ्या होत्या. दुर्वांच्या काड्या होत्या, जुडीला बांधलेला लाल दोरा तसाच होता. आणि त्या सगळ्यावर करड्या बुरशीची साय धरली होती. पंख्याचं तोंड तिथून वीतभरसुद्धा लांब नव्हतं.

एकही फूल वाऱ्यानं गेलं नव्हतं. सगळी इथेच होती. श्रीहरींनी आपल्या हातानं, मोजून-मापून, तिच्या बाजूला वाहिलेली.

"बाबा," शमिका म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं?"

त्यांनी सगळं उपसून काढलं. तारेनं भोक मोकळं केलं, नळी सोडली, तर चाकामागून पाणी खळाळून रस्त्यावर पडलं. आत एक थेंब नाही. गळती सापडली होती, बंद झाली होती, आणि श्रीहरींना वाटत होतं की याच बोनेटवर डोकं आपटून घ्यावं.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. "असू शकतं. पण नक्की इथूनच आलं असं कुणी सांगू शकत नाही, दिघेजी. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हणे! श्रीहरींनी आत जाण्याआधी हात धुतले. पुन्हा धुतले. नखांत काळं राहिलं होतं ते शमिकानं आपल्या रुमालानं पुसून काढलं.

सरलाताईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी नवऱ्याला पाहिलं, मास्क जरासा बाजूला केला.

"आज बुधवार ना हो?"

"हो."

"फूल वाहिलंत?"

शमिकानं खिडकीकडे तोंड फिरवलं. श्रीहरींनी बायकोचा हात हातात घेतला.

"वाहिलं."

"त्यानंच तर टिकलेय मी इतकी." बोलताना त्यांना धाप लागत होती. "मी असेन-नसेन. तेवढं मोडू नका. वचन द्या."

"दिलं," श्रीहरी म्हणाले, आणि त्यांचा मास्क पुन्हा नीट बसवला.

पुढचा बुधवार सरलाताईंनी पाहिला नाही.

त्या वर्षी पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळला. श्रीहरी अजून दर बुधवारी खजरान्याला जातात, झेंडू नि दुर्वा आणतात, कारण वचन दिलंय. काचेखाली वाहतात आणि तिथेच उभे राहतात. फूल सुकायच्या आत आपल्या हातानं उचलतात, जाळीत अडकलेली पाकळीही नखानं काढतात. मग डावं दार उघडून वाकतात आणि कार्पेटवर तळहात दाबून बघतात. कोरडं असतं.