स्थिती: वाजते

फुर्र!

दचकलात ना, मित्रांनो? ओळख करून देण्याची मला एवढीच पद्धत येते. मी एक जुनी शिट्टी आहे, पितळेची. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दमावर चाललं, त्यामुळे ते सलग सांगणं मला जमणार नाही. जेवढी फुंकर, तेवढं बोलणं. मध्येच गप्प झाले तर सांभाळून घ्या.

एक आखूड: लक्ष द्या

पितळेच्या पत्र्यातून यंत्राने माझे दोन भाग कापले. डाख देऊन ते जोडले, वर चकचकीत मुलामा चढवला आणि पोटात बुचाचा एक मणी सोडला. तो मणी नाचतो म्हणून माझा आवाज थरथरतो. मणी नसता तर मी नुसती किंचाळले असते.

कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक बाई बसत. दिवसभर शिट्ट्या फुंकून बघायच्या, हेच त्यांचं काम. वाजली तर डावीकडे, नाही वाजली तर उजवीकडे, म्हणजे पुन्हा वितळायला. माझ्या आधीच्या तिघी उजवीकडे गेल्या होत्या. बाईंनी मला ओठांत धरलं आणि फुंकलं. पलीकडे डबा खात बसलेल्या कामगाराला ठसका लागला.

"ही लांब पोहोचेल," बाई म्हणाल्या.

मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती अजून पुरते आहे.

दोन आखूड: सुरू करा

मला विकत घेतलं खेळाच्या एका शिक्षकांनी. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. शाळेचं मैदान रस्त्याच्या एका बाजूला, सरांचं घर दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. सरांच्या बायकोला मुलं काकू म्हणत. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या.

सव्वीस वर्षं मी सरांच्या गळ्यात होते. फुटबॉल सुरू व्हायचा तो माझ्यामुळे आणि थांबायचा तोही माझ्यामुळे. भांडणाऱ्या दोघींच्या मुठी हवेत असताना मी वाजले, तर मुठी तिथेच राहायच्या. सांगा, असा मान कुणाला मिळतो? संध्याकाळी खेळ संपला की सर मला एकदाच, लांबलचक फुंकायचे. ती शिट्टी ऐकली की तिसऱ्या मजल्यावर काकू चहाचं आधण ठेवायच्या. सर जिने चढून जाईपर्यंत चहा कपात. सव्वीस वर्षांत त्या दोघांनी चहाची वेळ कधी ठरवली नाही. मी ठरवायचे.

माझ्या मानेवर दाताची एक खोल खूण आहे. ती कशी पडली तेही ऐका. शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. नेमलेले पंच आलेच नाहीत, म्हणून दोन्ही शाळांच्या संमतीने सर उभे राहिले होते. शेवटचं मिनिट, बरोबरी. आमच्या संघाच्या कर्णधार मुलीला सर 'वावटळ' म्हणत. त्या वावटळीच्या हाताला चेंडू लागला, अगदी आमच्याच गोलासमोर. कुणालाच दिसलं नाही. सरांना दिसलं. त्यांनी मला इतकं करकचून चावलं की सुळा पितळेत रुतला. मग वाजवलं. आम्ही हरलो. मुख्याध्यापक दोन दिवस सरांशी बोलले नाहीत आणि वावटळ आठवडाभर. पण त्यानंतर मी वाजले की समोरचा संघसुद्धा वाद घालत नसे.

मित्रांनो, मुलामा उडाला की लोक हळहळतात. माझा जिथे उडाला, तिथे माझी सगळ्यात मोठी कामगिरी लिहिलेली आहे.

एक लांब: थांबा

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना बोटीवरची एक जुनी शिट्टी दिली, मखमली पेटीत. सरांनी ती घरी आणली, मला तिच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "दोघी शोभून दिसतात."

झालं! दोघींच्या चौघी झाल्या, चौघींच्या चाळीस. पोलिसांची, रेल्वेच्या गार्डची, कुत्र्यांना बोलवायची. पत्रं यायला लागली, पाकिटं यायला लागली. काचेचं कपाट आलं आणि काकूंचं शिवणयंत्र बाल्कनीत गेलं. प्रत्येकीपुढे सरांच्या सुबक अक्षरात एक कार्ड. माझ्यापुढे होतं:

*क्र. १. पितळ. स्थिती: दाताची खूण, मुलामा उडालेला.*

क्रमांक एक! मी फुगून गेले होते. वाजवत नव्हते कुणी, पण मान होता.

मग एका पाकिटातून माझीच जुळी बहीण आली. तोच कारखाना, तोच साचा, पण कोरी करकरीत. सरांनी आम्हा दोघींना उजेडात धरलं, आळीपाळीने बघितलं आणि माझ्या जागी तिला ठेवलं. संग्रह करणारी माणसं असं करतात. जास्त चांगली मिळाली की आधीची जादा होते. कार्ड नवं लिहिलं:

*क्र. १. पितळ. स्थिती: उत्तम. न वापरलेली.*

न वापरलेली! हे म्हणे कौतुक!

मी बुटाच्या खोक्यात गेले, खाटेखाली. त्या खोक्यात माझ्याच साच्यातल्या आणखी पाच जणी होत्या, कुणाकुणाच्या दातांनी चावलेल्या. सरांनी झाकण लावलं.

(वाजली नाही)

इथे खोक्यातली नऊ वर्षं आहेत.

पुन्हा एक आखूड

एका दुपारी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ती पावलं मी ओळखली. वावटळ! आता ती स्वतः पंच झाली होती आणि समोरच्याच मैदानावर मुलींचा सामना घेत होती.

"सर, एक शिट्टी द्या ना. माझी फुटली. प्लास्टिकची होती मेली. मध्यंतर संपत आलंय."

सरांनी कपाट उघडल्याचा आवाज आला. मग एकेक शिट्टी उचलून परत ठेवल्याची टिकटिक.

"ही नको, ही बोटीवरची आहे."

"मग ती द्या."

"तिला कारखान्याबाहेर अजून कुणी ओठ लावलेला नाही."

"अहो, मग लावू द्या की कुणालातरी!" काकू म्हणाल्या.

"थुंकी आत गेली की माल खराब होतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला? सव्वीस वर्षं तुमचे थुंकीचे रुमाल धुतलेत मी."

वावटळ हसली नाही. "सर, चारशे आहेत तुमच्याकडे."

"चारशे बारा."

"मग चारशे अकरा उरतील."

सर काहीतरी पुटपुटले, उद्या नवीन विकत आणून देतो म्हणून.

"सामना आत्ता आहे, सर," ती म्हणाली आणि निघून गेली.

चारशे बारांत खोक्यातल्या आम्ही धरलेल्याच नव्हतो. जादा माल सरांच्या मोजणीत नसे, त्यामुळे आठवणीतही नसे. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते, पण फुंकरीवाचून मला हाक मारता येत नाही.

उरलेला सामना वावटळीने ओरडून चालवला. खिडकीतून ऐकू येत होतं, "थांबा! अगं थांबा! थांबा म्हणतेय ना!" हळूहळू तिचा घसा बसला. एका गोलावरून भांडण झालं आणि ते मिटलंच नाही. सामना संपला कधी, ते कुणाला नीट कळलं नाही. काकूंनी त्या संध्याकाळी आधण ठेवलं नाही.

सर खिडकीपाशी उभेच होते. "माझ्याकडे चारशे बारा आहेत," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि एक देता आली नाही."

दोन आखूड, पण दबकत

आठ दिवसांनी सरांनी कपाट विकायला काढलं. घ्यायला आले दातांचे एक डॉक्टर, सरांच्या जुन्या पत्रव्यवहारातले. त्यांनी आधी होकायंत्रं जमवली होती, त्याआधी दौती. दोन्ही संग्रह विकून ते शिट्ट्यांकडे वळले होते.

"होकायंत्रांवरून एकदम शिट्ट्या?" काकूंनी विचारलं.

"दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात, पण ऐकण्यासारखं काही निघत नाही."

सर मात्र गंभीर होते. "विकल्यावर हलकं वाटतं का हो?"

"तीन दिवस. चौथ्या दिवशी हात शिवशिवतात."

"मग विकायचं कशाला?"

डॉक्टरांनी कपाटाचा खालचा कप्पा ओढला. त्यात सतरा पाकिटं होती, न फोडलेली. "ही कधी आली?"

"गेल्या वर्षी असतील. का त्याच्या आधीच्या?"

"आणि बोटीवरची कशी मिळाली?"

सरांनी निरोप समारंभापासून सुरुवात केली. मग पोलिसांची, मग गार्डची. डॉक्टरांचा चहा गार झाला.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दहांवर तुम्ही अर्धा तास बोललात. या सतरांची तोंडंही तुम्ही पाहिली नाहीत. माझी होकायंत्रं अशीच पाकिटात पडून राहायला लागली, तेव्हा मी ती विकली. होकायंत्रांवर राग नव्हता माझा. पहिल्या दहांची मजा पुन्हा हवी होती."

सरांनी कप्पा ढकलून बंद केला. मग म्हणाले, "घेऊन जा."

"जादा माल आहे का काही?"

काकूंनी खाटेखालून खोकं ओढलं. नऊ वर्षांनी उजेड! डॉक्टरांनी एकेक उचलली आणि परत टाकली. मी हातात आले आणि ते थांबले.

"ही कुणाची?"

"जादा आहे. त्यातली उत्तम कपाटात आहे."

"ते नाही विचारत. दात कुणाचे? वरचा डावा सुळा, आत वळलेला. सर, जरा आ करा."

आपल्याच बैठकीच्या खोलीत, आपल्याच खुर्चीत सरांनी आ केला. डॉक्टरांनी मला खिडकीकडे धरलं, एकदा माझ्या मानेकडे बघितलं, एकदा सरांच्या तोंडात. काकूही वाकून बघायला लागल्या.

"अगंबाई! हे तर तुमचेच दात!"

सरांनी मला हातात घेतलं. अंगठा खुणेवर नेमका बसला. माझ्या पितळेला तो अंगठा पाठ होता. त्यांनी मला ओठांत धरलं, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं.

फस्स.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट घटका. बुचाचा मणी सुकून कडेला चिकटला होता. मला कारखान्यातला उजवीकडचा ढीग दिसायला लागला.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी मला पुन्हा उकळत ठेवलेल्या चहाच्या भांड्यावर, वाफेत धरलं. "दम लागलेल्या माणसाला हेच करतात." मग केसातली पिन काढून त्यांनी माझ्या पोटात हलकेच टोचलं. मणी सुटला. आत टिक् झालं. सरांनी पुन्हा फुंकलं.

फुर्र!

डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. खाली मैदानात सराव करणाऱ्या मुली चेंडू पायाखाली दाबून जागच्या जागी थांबल्या. नऊ वर्षं खोक्यात पडून होते, तरी सगळ्या थांबल्या!

एक लांब

कपाट गेलं. बोटीवरची गेली, माझी कोरी बहीणही गेली. शिवणयंत्र खोलीत परत आलं. चौथ्या दिवशी सरांचे हात शिवशिवले. त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं:

*क्र. १. पितळ. स्थिती: वाजते.*

खाली आणखी एक ओळ आखली: *सध्या कुणाकडे.* मग ते स्वतः जिने उतरून मैदानावर गेले आणि मला वावटळीच्या हातावर ठेवलं. तिने ती खूण बघितली. तिला ती कधीची आहे, हे सांगावं लागलं नाही.

"माझ्या हाताला लागला होता, सर," ती म्हणाली. "तेव्हा मी नाही म्हटलं होतं."

"माहितीये. जा, खेळ सुरू कर."

तेव्हापासून सरांचा नवा संग्रह वाढतो आहे. आता अकरा जणी आहोत. सगळ्या चावलेल्या, सगळ्या वाजणाऱ्या, आणि बहुतेक वेळा घराबाहेर. मित्रांनो, तुम्हीही काहीतरी जमवत असाल. जरूर जमवा. पुसा, जपा, कार्डं लिहा. पण अधूनमधून आमच्याकडून आमचं काम करून घेत चला. आणि जिच्यावर तुमच्या दातांची खूण आहे, तिला खोक्यात टाकू नका.

सरांनी मला दिलं त्या दिवशी सामना संपला आणि वावटळीने मला एकदाच, लांबलचक फुंकलं. मी मैदानातून वर पाहिलं. काकू बाल्कनीत उभ्या होत्या. सर केव्हाच परतून घरात होते. सव्वीस वर्षं ते माझ्या इतक्या जवळ राहिले की घरात मी कशी ऐकू येते, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच वाफेने पांढरी झाली.

काकू अजून बाल्कनीतच होत्या.