कुडव्यातली समुद्राची डॉक्टर

गोंदियाहून समुद्र बघायला कुठल्याही दिशेने निघा, एक रात्र गाडीत काढावीच लागते. तरीही डॉ. रुची कटरे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या आपल्या दवाखान्यात खुर्ची ओढून बसायची आणि लॅपटॉपवर कासवं, डॉल्फिन आणि समुद्रपक्ष्यांच्या आजारांची चर्चा ऐकायची.

दवाखाना जनावरांचा. म्हशी, बकऱ्या, कुत्री आणि कधीतरी एखादा रागीट बोकड. पण शिकत असताना ती थोडे दिवस ओडिशाच्या किनाऱ्यावर कासवांच्या केंद्रात राहून आली होती आणि तेव्हापासून तिला समुद्राचं वेड लागलं होतं. पुढे किनाऱ्यावरच्या वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं एक देशभराचं मंडळ असल्याचं तिला कळलं. तिने अर्ज केला आणि काय आश्चर्य, त्यांनी घेतलं.

पहिल्याच बैठकीत ओळखी झाल्या. कुणी मालवणचा, कुणी कारवारचा, कुणी काकीनाड्याची. मंडळाचं काम बघणाऱ्या डॉ. सस्मिता बेहरा पुरीजवळ राहायच्या. त्यांनी विचारलं, "डॉ. रुची, आपका किनारा कौनसा?"

"गोंदिया."

"गोवा?"

"नाही मॅडम, गोंदिया."

सस्मिताबाईंनी बहुतेक नकाशा उघडला, कारण त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. "वहाँ समुंदर है?"

"वैनगंगा है," रुची म्हणाली. "पुढे जाऊन ती समुद्रालाच मिळते."

सगळे खो खो हसले. नेमकी त्याच वेळी दवाखान्याबाहेर एक म्हैस हंबरली. ते ऐकून मालवणच्या डॉक्टरने विचारलं, "हा कोणता व्हेल?"

तेव्हापासून मंडळात तिचं नाव 'वैनगंगा' पडलं. बैठकीचं टिपण लिहायचं काम तिच्याकडे आलं आणि ते ती नीट करायची. पण मनातून तिला वाटायचं, आपण दुसऱ्याच्या लग्नात वऱ्हाडात बसून जेवतोय. मंडळी चांगली आहेत, पंगतही छान आहे, पण आपण ना नवरीकडचे ना नवरदेवाकडचे.

तिच्या आईला, शामकलाबाईंना, तर हा सगळा प्रकारच कळायचा नाही. "म्हशी दारात उभ्या राहून राहिल्या," त्या म्हणायच्या, "आन तू त्या मासोळीचा ताप कायले मोजून राहिली?"

"आई, डॉल्फिन मासोळी नाही."

"पान्यात राहाते ना? मंग मासोळीच."

दिवाळीच्या आधी बंगालच्या उपसागरात वादळ झालं. गोंदियात दोन दिवस वारा घोंघावला, धान आडवं झालं, तारा तुटल्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि जवळच्या नागऱ्याचे शेतकरी जियालाल भाऊ मोटरसायकलवर टोपली बांधून दवाखान्यात आले. टोपलीवर बायकोचं जुनं लुगडं झाकलेलं.

"डाक्टरीनबाई, हे का हाये ते सांगा. माह्या धानाच्या बांधीत पडून होतं. कावळा म्हनाव तं पोट पांढरं. बदक म्हनाव तं शेपूट कैचीवानी."

रुचीने लुगडं उचललं. आत वरून कोळशासारखा काळा, खालून स्वच्छ पांढरा, लांब टोकदार पंखांचा एक पक्षी मान टाकून बसला होता. बोटांमध्ये पडदा. कपाळावर पांढरा डाग. रुचीने त्याचा पंख हळूच उघडून बघितला. मग एकदम खुर्चीवर बसली.

"का झालं?" जियालाल घाबरले. "बिमारी हाये का काही?"

"जियालाल भाऊ, हा समुद्रातला पक्षी आहे."

"माह्या बांधीत?"

"वाऱ्याने आणलाय."

तिने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आज सकाळी, गोंदिया.' इतके दिवस गप्प असलेले लोकही जागे झाले. कुणी म्हणालं जुना फोटो असेल. मालवणच्या डॉक्टरने लिहिलं, 'वैनगंगेला भरती आली काय?' पण सस्मिताबाईंनी थेट फोन केला. खोल समुद्रावरचा सुरय, म्हणजे टर्न, आहे हा, त्या म्हणाल्या. वादळात सापडला की उडत उडत कुठल्या कुठे जातो. उपाशी असेल, थकला असेल. आधी पाणी पोटात जाऊ दे, मग मासे. आणि वनखात्याला आत्ता लगेच कळव.

वनखात्याकडून टिकेश नावाचा वनरक्षक आला. पक्ष्याभोवती फिरून त्याने डोकं खाजवलं. "मॅडम, बिबट्या असता तर मी सांगितलं असतं काय करायचं. याचं तुम्हीच सांगा." साहेबांशी बोलून त्याने उपचारासाठी पक्षी तिच्याकडेच ठेवायची परवानगी आणली. मग तोही रोज येऊन बसायला लागला. कुडव्याच्या अर्ध्या लोकांनाही रोज त्याच वेळी दवाखान्यात काम निघायला लागलं.

पक्षी राहिला दवाखान्याला लागूनच असलेल्या रुचीच्या घरी, मागच्या खोलीत, एका खोक्यात. अडचण एकच होती. घर शाकाहारी. शामकलाबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. रुचीने तळ्यातले बारीक मासे आणले तेव्हा त्या नाकाला पदर लावून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. "हे माह्या घरात चालनार नाइ."

पण दुसऱ्या दिवशी देवरीहून फोन आला. गाय अडली होती आणि रुचीला निघावंच लागणार होतं. टिकेशही जंगलात गेलेला. तिने आईकडे बघितलं. आईने भिंतीकडे बघितलं.

"आई, दुपारी फक्त एकदा. नाहीतर मरेल तो."

दुपारी रुचीने व्हिडिओ कॉल लावला. शामकलाबाईंनी तोंडाला रुमाल, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि मासा शेपटीला धरून त्या पक्ष्याला रागावत होत्या. "आ कर. आ कर मनतो ना! माह्या सात पिढ्या बाटवल्या तू, आता नखरे कायले करून राहिला?" पक्ष्याने चोच उघडली. मासा गेला. दुसरा गेला. त्या जोरात ओरडल्या, "रुची! खाल्लन गं!"

त्यानंतर त्या पक्ष्याच्या जवळ कुणाला जाऊ देईनात.

एकदा तर त्यांनी मोठ्या घमेल्यात पाणी भरलं. समुद्रातला आहे, पोहू दे बिचाऱ्याला. तेव्हा व्हिडिओ कॉलवर सस्मिताबाई होत्या. त्यांनी ते बघितलं आणि घाबरून हातच वर केले. "माताजी, नहीं! पानी में मत डालिए! ये पानी पे बैठता ही नहीं. इसके पंख भीग जाते हैं. बरसों उड़ता रहता है."

शामकलाबाईंनी घमेलं बाजूला सारलं. "समुदरावर राहाते आन पान्यात उतरत नाइ?"

"हाँ जी."

"मंग आपल्यासारखाच हाये हा," त्या रुचीला म्हणाल्या. रुची इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला.

पक्षी सुधारला. खोक्याच्या कडेवर चढून पंख पसरायला लागला तेव्हा त्याला समुद्रावर पोचवायचं ठरलं. दोन्हीकडच्या वनखात्यांची परवानगी मिळाली आणि पुरीच्या गाडीची तिकिटं निघाली. रुचीचं, टिकेशचं आणि शामकलाबाईंचं.

"तू कशाला?" रुचीने विचारलं.

"जगन्नाथाचं दर्शन कराचं हाये," त्या म्हणाल्या. पण गाडीत त्यांनी खोकं मांडीवर घेतलं आणि रायपूर गेलं, रात्र सरली, तरी कुणाला दिलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे आत? "पाहुना हाये, घरी पोचवून राहिलो," त्यांनी सांगितलं.

सस्मिताबाई स्टेशनवर आल्या होत्या. पडद्यावर धिप्पाड वाटणारी बाई प्रत्यक्षात रुचीच्या खांद्याएवढी निघाली. त्यांनी रुचीला मिठी मारली आणि म्हणाल्या, "आओ, वैनगंगा."

गावापासून दूर, मोकळ्या किनाऱ्यावर त्यांनी वाऱ्याच्या दिशेने खोकं उघडलं. पक्षी बाहेर आला आणि वाळूवर बसला. नुसता बसला. टिकेशने खोकं मागे ओढलं. सस्मिताबाई काही बोलणार तेवढ्यात शामकलाबाई पुढे झाल्या.

"जा ना बाप्पा! कायले बसून राहिला? घर आलं तुहं!"

पक्ष्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग पंख उघडले, दोन पावलं वाऱ्यात टाकली आणि उचलला गेला. लाटांच्या वर, आणखी वर, आणि पुढे त्याला बघायला डोळे बारीक करावे लागले. शामकलाबाईंनी डोळे पुसले, पण वाळू गेली म्हणाल्या. मग साडी वर खोचून त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि देवळात जायची वेळ झाली तरी बाहेर यायला तयार होईनात.

दुपारी भात आणि डालमा, म्हणजे भाज्या घातलेली डाळ, जेवताना सस्मिताबाईंनी एक गोष्ट काढली. दर वादळात असे पक्षी आत ढकलले जातात. छत्तीसगडात, विदर्भात, पार मध्य प्रदेशात. तिथे मंडळाचं कुणीच नाही. "वो सब अब तुम देखोगी."

रुचीने हातातला घास ताटात ठेवला. "मी? माझ्याकडे किनाराच नाही, मॅडम."

"इसीलिए तो," सस्मिताबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

परत आल्यावर तिने दवाखान्याच्या पाटीवर एक ओळ वाढवून घेतली: 'वादळात सापडलेले समुद्रपक्षी दिसल्यास संपर्क करा.' रंगवणाऱ्याने तिच्याकडे दोनदा बघितलं, पण लिहून दिली. टिकेशने पाटीचा फोटो काढून आजूबाजूच्या सगळ्या गावांत पाठवला.

पहिला फोन बालाघाटकडून आला. एक माणूस घाईघाईने बोलत होता. पांढरा पक्षी आहे, पायात पडदा आहे, अंगणात आलाय, नक्की समुद्रातलाच. रुचीने व्हिडिओ लावायला सांगितला, बघितलं आणि ओठ चावले.

"भैया," ती म्हणाली, "ये बदक है. घर की."

पलीकडे त्याने फोन पुन्हा बदकाकडे वळवला. मग तो म्हणाला, "अच्छा. तो फिर ये है किसकी?"

"वो तो मैं नहीं बता सकती," रुची म्हणाली.

मागून शामकलाबाईंचा आवाज आला, "त्याले विचार, जेवली का ते?"