उघड्यावर बसलोय

क्रांती परदेशातल्या युद्धाच्या बातम्या द्यायला गेली आणि तिथंच ड्रोनच्या हल्ल्यात मारली गेली. सोबतचा कॅमेरामनही गेला. तो ज्या देशाचा होता, तिथल्या न्यायाधीशांनी चौकशी सुरू केली. हल्ला करणाऱ्या सैन्याचं म्हणणं एकच, ती शत्रूला फोनवरून ठिकाणं कळवत होती.

फोनवर ती बोलली होती खरी, पण वडिलांसाठी, केरबासाठी. त्या वेळी केरबा वैरण कापत होता, फोन घरात. मग तिनं निरोप आवाजात रेकॉर्ड करून पाठवला. बायको आधीच गेलेली. कोडोलीच्या त्या घरात केरबा दार लावून तो निरोप एकटाच ऐकायचा. कुणाला ऐकवला नव्हता, त्यात काय आहे ते फक्त आपल्या वकिलाला सांगितलं होतं.

"काका, न लढणारा पत्रकार कायद्यानं साधा नागरिकच," वकील तेजस्वी म्हणाली. "त्याला ओळखून मारणं हा युद्धगुन्हा आहे. क्रांतीताईंना सैन्यानं ओळखलं होतं, ते दाखवायला हा निरोप लागेल."

"माझ्याजवळ तेवढाच हाय. त्यो बी द्यायचा?"

चार दिवसांनी केरबाच फोन घेऊन कोल्हापूरला तेजस्वीच्या ऑफिसात आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या देशाचे न्यायाधीश आणि मराठी दुभाषी होते. खोलीत क्रांतीचा आवाज घुमला.

"अप्पा, डोक्यावर ड्रोन फिरतंय. आमी मुद्दाम उघड्यावर बसलोय. जाकिटावरची 'प्रेस'ची अक्षरं दिसूंद्यात की त्यास्नी. जेवलासा न्हवं?"

"त्यास्नी म्हणजे कुणाला?" दुभाष्यानं विचारलं.

"ड्रोन उडवतेत त्यास्नी. आनि कुणाला?"

"आणि शेवटचा प्रश्न? तो संकेत होता, असं सैन्य म्हणू शकतं."

"रोज इचारायची ती. मी जेवलो न्हवतो त्या दिवशी. तिला सांगायचं ऱ्हायलं."

दुभाष्यानं ते हळू आवाजात न्यायाधीशांना सांगितलं. जबाब नोंदला गेला.

बाहेर आल्यावर तेजस्वीनं काही लपवलं नाही. ते सैन्य ड्रोन चालवणाऱ्याचं नाव द्यायला तयार नव्हतं, आणि नावाशिवाय वॉरंट निघत नव्हतं. मात्र चौकशी बंद होणार नव्हती.

"मी मेलो तरी?"

"तरीही, काका."

कोडोलीत एसटीतून उतरल्यावर शेजारचा अमरसिंह भेटला.

"कुठं गेलतासा?"

"कोल्हापूरला. कोर्टाचं काम हुतं."

"बांधाचं भांडान व्हय?"

केरबानं सांगायला तोंड उघडलं. सुरुवात कुठून करावी तेच सुचेना.

"व्हय," तो म्हणाला आणि घराकडं वळला.