‘इतर’ नावाचा रकाना

सोमवारी सकाळी ट्रेमध्ये साठ अळ्या होत्या. मंगळवारी अठ्ठेचाळीस भरल्या. आपलीच नजर चुकली असेल म्हणून भिंगाने पुन्हा मोजल्या. सत्तेचाळीस. मोजून होईपर्यंत आणखी एक पसार!

भिंग हे त्याचं ऑफिसातलं नाव. डास-तपासणी केंद्रात सहा महिने तो कच्च्या नोकरीवर होता आणि डोळ्याला लावायचं भिंग काढायला विसरून डबा खायला बसायचा, म्हणून ते चिकटलं. काम अळ्या ओळखायचं. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पडते ती ॲनॉफिलीस. शेपटाकडची लांब नळी वर लावून डोकं खाली सोडून लोंबकळते ती क्यूलेक्स. नळी आखूड आणि जाडसर असेल तर एडिस. क्यूलेक्सला गटार चालतं, एडिसला घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. एकूण डासांच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात, माणसांसारखं रोज उठून बदलत नाहीत.

नोकरी पक्की व्हायला एकच परीक्षा उरली होती. झाडाच्या ढोलीत साचलेलं पाणी आणायचं, त्यातल्या अळ्यांची वर्गवारी करायची आणि शनिवारी केंद्रप्रमुख मॅडमना त्यातल्या निदान तीस जिवंत दाखवायच्या.

वर्गवारीच्या तक्त्यात चार रकाने होते. तीन त्या तीन जातींचे आणि चौथा ‘इतर’. “इतर म्हणजे काय, माहितेय?” मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “इतर म्हणजे ‘मला येत नाही’.” त्या दिवसापासून भिंगाने त्या रकान्यात शून्याशिवाय काही भरलं नव्हतं. या वेळी ढोलीतून एक तांबूस, गलेलठ्ठ अळी आली होती, बाकीच्यांच्या दुप्पट. नळी दिसत होती. त्याने लिहून टाकलं, ‘क्यूलेक्स (सुदृढ)’.

बुधवारी तेहतीस उरल्या.

ट्रेवर जाळी होती, जाळीला दोरी होती, दोरीची गाठ त्याची स्वतःची होती. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी काकूंकडे. काकू चोवीस वर्षं तिथले ट्रे धूत होत्या. आणि याच जागेसाठी काकूंच्या भाचीचा अर्ज आला होता! भिंगाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“काकू, काल ट्रेला हात लावला होतात?”

“लावला की. वरून पुसला.”

“आतल्या चौदा गेल्या.”

“मग? मी काय घरी नेऊन फोडणीला टाकल्या?”

हे उत्तर त्याला फारच तयार वाटलं.

घरी त्याने थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, “गेल्या वर्षी तू माझ्यावर मोजा चोरल्याचा आळ घेतलास. निघाला कुठे? तुझ्याच पायात. एकावर एक घातले होतेस.”

“ती केस वेगळी होती.”

त्या संध्याकाळी निघताना त्याने खोलीत जमिनीवर पावडर भुरभुरली. गुरुवारी सकाळी दार उघडून तो आत गेला, ट्रेपर्यंत पोचला, मग वळून बघितलं. पावडरीत फक्त त्याच्याच बुटांचे ठसे. याचा अर्थ उघड होता, काकू त्याच्याच मापाचे बूट घालून येत होत्या.

अळ्या एकवीस. परीक्षा बुडाली. आता घातपात सिद्ध झाला तरच दुसरी संधी. त्याने मॅडमकडे लेखी तक्रार दिली. मॅडमनी ती दोनदा वाचली. “उद्या अकराला काकूंना बोलावते. खरं निघालं तर त्यांना काढावं लागेल. विचार करून लिहिलंयस ना?”

“हो.”

शुक्रवारी नऊच अळ्या उरल्या. भिंग ट्रेकडे पाठ करून, दारावर डोळे रोखून बसला. चोर दारातूनच येणार. दहा वाजता काकू दारातूनच आल्या.

“दाराकडे काय बघताय? इकडे बघा.”

तो वळला. सुदृढ क्यूलेक्सने एका एडिसचं डोकं जबड्यात धरलं होतं. बाकीचं शरीर वळवळत होतं, मग वळवळायचं थांबलं.

“मागे एकदा आली होती ही बया,” काकू म्हणाल्या. “ढोलीतच असते. दुसऱ्या अळ्या खाऊन फुगते. मोठी झाली की मात्र कुणाला चावत नाही, फुलातलं गोड पिते. तेव्हाच्या साहेबांनी ‘इतर’मध्ये लिहिली होती.”

“तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलंत कुठे? हात लावला का, एवढंच विचारलंत. आणि ट्रेमध्ये हिला ठेवून घेतलीत, म्हटलं मुद्दाम पाळली असेल.” त्यांनी पदराला हात पुसले. “मॅडमनी अकराला बोलावलंय, कशाला देव जाणे. दोन वर्षं राहिली रिटायर व्हायला. सत्कार-बित्कार असेल का हो?”

भिंगाने घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस. तक्ता हातात घेतला. गप्प बसलं तर नोकरी. त्याने ‘क्यूलेक्स (सुदृढ)’वर काट मारली, ‘इतर’खाली एक लिहिला आणि ट्रेसकट मॅडमच्या खोलीत गेला.

मॅडमनी तक्ता पाहिला. “म्हणजे ओळखता आली नाही.”

“नाही आली. काकूंचा काही संबंध नाही.”

“मग आधीच इतरमध्ये का नाही लिहिलीस?”

“तुम्हीच म्हणाला होतात, इतर म्हणजे—”

“मी म्हणाले होते, येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “लिहू नकोस कुठे म्हणाले?” त्यांनी तक्रार फाडली. “आणखी सहा महिने कच्चाच राहशील. आणि ढोलीच्या पाण्याचं काम काकूंकडून शिकशील.”

तो परतला तेव्हा काकू रिकामे ट्रे धूत होत्या.

“बोलावणं रद्द झालं,” भिंग म्हणाला. “मी तक्रार केली होती. तुमच्याविरुद्ध. माझ्याच मापाचे बूट घालून अळ्या चोरल्याची. चुकलं माझं.”

काकूंनी नळ बंद केला. त्याच्या हातातला ट्रे घेऊन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला, जाळी ताणली, दोरीला तीन गाठी मारल्या. मग हात पुढे केला.

“किल्ली.”

“तुमच्याकडे आहे ना एक?”

“आता दोन्ही.”

त्याने किल्ली दिली. काकूंनी ती कमरेला खोचली, खाली वाकून त्याच्या बुटांकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “माप काय हो तुमचं?”