नाव खुशबूचं, बोट बाबांचं

मी एक जुना तारेचा माऊस आहे, आणि मित्रांनो, संगणकाचा पडदा मी जन्मात कधी पाहिलेला नाही. माझा डोळा पोटाला आहे. त्याला टेबल दिसतं, फार तर चहाच्या कपाचा गोल डाग. वर काय चाललं आहे ते मला माणसांच्या हातावरून ओळखावं लागतं. इतकी वर्षं त्यात माझी चूक झाली नाही. पण यंदा छत्तीसगढात, भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या घरात जे घडलं त्याने मी पुरता गोंधळलो. ते तुम्हाला सांगतो. तुम्हाला उलगडलं तर बरं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती बंद खोक्याची. मग भिलाई-३ च्या स्टेशनाजवळच्या एका इंटरनेट कॅफेत मी चार वर्षं लोकांचे नोकरीचे अर्ज भरले. आशेने थरथरणारा हात कसा असतो, ते मी तिथे शिकलो. कॅफे बंद पडला तेव्हा खुशबू नावाच्या मुलीने संगणकासोबत मलाही विकत घेऊन मरोद्याला घरी आणलं. तिने एम.ए.चा सगळा अभ्यास माझ्या पाठीवर हात ठेवून केला. ती पास झाली तेव्हा तिच्या आईने, सत्यशीलाबाईंनी, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "यानंबी लय मेहनत केली बाप्पा." तेवढं कौतुक मला पुष्कळ वर्षं पुरलं.

पुढे खुशबू कुम्हारीच्या एका खासगी कॉलेजात शिकवू लागली. लॅपटॉप आला. त्याला माझी गरज नव्हती. बोट फिरवायला त्याच्या अंगावरच गुळगुळीत पाटी होती. मी सहा वर्षं टेबलाच्या खणात बिघडलेल्या टॉर्चशेजारी पडून राहिलो.

यंदा एका संध्याकाळी मला अचानक बाहेर काढलं. कॉलेजातून पत्र आलं होतं. सगळ्या प्राध्यापकांनी ऑनलाइन कोर्स करायचा, विषय 'उच्च शिक्षणात एआयचा जबाबदार वापर'. एआय म्हणजे सांगाल ते लिहून देणारं यंत्र, एवढं मला कळलं. नऊ धडे होते. दर दहा मिनिटांनी टुंग असा आवाज होई आणि पडद्यावर प्रश्न येई, 'आप उपस्थित हैं?' बटण दाबलं नाही तर धडा थांबे. खुशबूपुढे तर मुलांच्या ऐंशी प्रकल्पांची चळत तपासायची पडली होती. म्हणून तिने वडिलांना, कवडूबाबांना, बसवलं. त्यांची तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीपाशी, गेली. बोटांची टोकं इतकी निबर झालेली की लॅपटॉपची पाटी त्यांना ओळखेचना. म्हणून माझी आठवण झाली.

"बाबा, टुंग वाजलं का दाबा. बस्स."

"अन् मास्तरीननं काही विचारलं तं?"

"ती नाही विचारत. व्हिडिओ हाय तो."

"मंग मी हाव का नाही, हे कावून विचारून राहिली?"

"तिले मालूम हाय तुमी बसल्या बसल्या डुलक्या घेता म्हनून," सत्यशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पण कवडूबाबांनी एकही डुलकी घेतली नाही. अक्षरं त्यांना बेचाळिसाव्या वर्षी भेटली, बुद्धविहारातल्या संध्याकाळच्या वर्गात. तेव्हापासून कोणी शिकवायला बसलं की ते अंग सावरून बसतात. एक हात माझ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने ते वहीत मोठी मोठी अक्षरं काढत. टुंग वाजलं की मला दाबत. आणि पडद्यावर उमटे, 'खुशबू मेश्राम उपस्थित'. ते दर वेळी मोठ्याने वाचत, म्हणून मला कळे. माझ्या पाठीवर तर दुसराच हात होता! शनिवारी नऊ धडे संपले. प्रमाणपत्र आलं, तेही खुशबूच्या नावाचं. तिने ते लगेच कॉलेजला पाठवलं.

रविवारी दुपारी खुशबू स्वतः मला हातात धरून बसली. प्रकल्प कोणी लिहिला, माणसाने की यंत्राने, हे सांगणारं एक ॲप कॉलेजने दिलं होतं. ज्यांचे प्रकल्प यंत्राचे निघतील त्यांची यादी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. यादीत नाव गेलं की शून्य गुण, आणि वर्ष वाया.

"हे मोना पहा, बाबा. भिलाई-३ ची, रेल्वेवाल्याची पोरगी. ब्यान्नव टक्के मशीन का लिखा है. अन् वर्गात कशी भोळी बनून बसते!"

"तिले विचारलं का?"

"ॲप बता रहा है ना!"

बाबांनी वहीची पानं उलटली. "धडा पाच. यंत्र बोट दाखवन, पन निकाल मानसानं द्यावा. पयले पोराले समोर बसवा, विचारा."

"हे कोनत्या कोर्सातलं?" खुशबूने विचारलं.

"तुह्याच," बाबा म्हणाले. तिने माझ्यावरचा हात काढून मोनाला फोन लावला.

तासाभरात मोना आली. खुशबूने सरळ विचारलं, "हे कोनं लिवलं?"

"मीच, मॅडम. लोकलनं भाजी नेनाऱ्या बावीस बायांसोबत बसून. पन माही हिंदी वाकडी हाय. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी. म्हनून शेवटी एआयले म्हटलं, सीधी करून दे."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"फॉर्मात जागाच नव्हती. अन् कोनी विचारलंबी नाही."

आपला वाकड्या हिंदीतला पहिला मसुदा मेलमधून उघडून दाखवायला मोनाने मला हातात घेतलं. कॅफेतले हात थरथरायचे तसाच तिचा हात थरथरत होता. मग ती बोलू लागली. त्या बाया टोपलीला सीट देतात आणि स्वतः उभ्या राहतात, कारण टोपलीतले टमाटर दबले तर दिवस बुडाला. एक बाई तर टोपलीला 'सरक वो माय' म्हणून बोलते. सांगता सांगता मोना हसली आणि तिचा हात स्थिर झाला. हे कुठल्या यंत्राने तिला सांगितलेलं नव्हतं, हे मलासुद्धा कळलं.

"मॅडम, तुमी तं याचा कोर्स केला ना?" ती म्हणाली. "मंग सांगा, मदत घेतली हे चूकच हाय का?"

बाबांनी हळूच वही पुढे सरकवली. "धडा सात. मदत घेतली तं लिहून द्यावं. कोनती, किती."

मोनाने तिथेच तसं लिहून दिलं आणि गेली. जाताना तिने यादीचं काही विचारलं नाही, पण तिची पावलं दारात क्षणभर थांबली. तिला तिचं वर्ष हवं होतं.

"बाई," कवडूबाबा लेकीला म्हणाले, "प्लांटात तीस वर्सं मी कोनाची खोटी हाजिरी लावली नाही. इथं मले वाटलं, शाळा हाय."

"तुमच्यासाठी होतीच, बाबा," खुशबू म्हणाली आणि तिने प्राचार्यांना फोन लावला.

"सर, मैं लिस्ट में मोना का नाम नहीं भेज रही हूँ. मैंने ख़ुद बैठाकर पूछा है. काम उसी का है, मदद ली थी, वो उसने लिखकर दिया है." मग जरा थांबून ती म्हणाली, "और सर, मेरा सर्टिफिकेट फाइल में मत लगाइए. वो कोर्स मेरे बाबा ने किया है."

पलीकडे सर मोठ्याने हसले. त्यांना विनोद वाटला. खुशबूने तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मग हसणं थांबलं.

मित्रांनो, त्या प्रमाणपत्राचं काय झालं, ते अजून कळलेलं नाही. आणि माझाही गोंधळ मिटलेला नाही. मोनाचा प्रकल्प यंत्राने लिहिला म्हणायचा, तर त्या बावीस बाया कोणाच्या? बाबांनी कोर्स केला म्हणायचा, तर नाव कोणाचं? मी पोटाशी टेबल घेऊन जगणारा, मला एवढंच मागता येतं. माझ्यावर दुसऱ्याचा हात ठेवायची वेळ आली तर ठेवा, पण कोणाचा हात होता ते खरं सांगा. आणि काम झालं की माझी तार फार घट्ट गुंडाळू नका. ती आतून तुटते, आणि बाहेरून काही दिसत नाही.